अखंड हरिनाम सप्ताह : नगर जिल्ह्यातील एक ग्रामसंस्था

रब्बीची ज्वारी घरात आली, की नगर जिल्ह्यातील गावोगावच्या मारुतीच्या किंवा विठ्ठलाच्या देवळात एक बैठक भरते. या बैठकीत सप्ताहाची तिथी ठरते, वर्गणीचा आकडा ठरतो, कीर्तनकारांची नावे निघतात आणि पंगती कोणी घालावयाच्या ते वाटून घेतले जाते. सर्वांत शेवटी एक साधी यादी तयार होते व ती देवळाच्या खांबावर चिकटविली जाते. ही पहाऱ्याची यादी होय. पाहुण्यांच्या नजरेत कीर्तनकारांच्या नावांची रंगीत पत्रिका भरते. परंतु त्या गावचा सप्ताह जिवंत आहे किंवा नाही, हे या साध्या यादीवरूनच कळते.

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. सुमारे सतरा हजार चौरस किलोमीटरच्या या मुलुखात चौदा तालुके असून त्यांत अकोल्याचा डोंगरी भाग आहे, प्रवरा-गोदावरीचा कालव्याखालील ऊसपट्टा आहे आणि पाथर्डी, जामखेड, कर्जतची अवर्षणग्रस्त पठारेही आहेत. पीक, पाणी, मजुरी, बोलीची लकब या बाबतींत हे भाग परस्परांहून पुष्कळ भिन्न आहेत. तथापि वर्षातून एकदा सात दिवस संपूर्ण गावाने एकत्र गाणे, ऐकणे, वाचणे आणि जेवणे ही रीत या सर्व भागांत सारखीच आढळते. धार्मिक उपासना हा तिचा गाभा आहे, यात शंका नाही. परंतु ग्रामीण संगीताची शाळा, प्रौढांचा वाचनवर्ग आणि सामुदायिक व्यवस्थापनाचा प्रत्यक्ष पाठ अशी तिची दुसरी बाजूही आहे. शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनी अभ्यासावी अशी ही बाजू असून तिचाच विचार येथे प्रामुख्याने केला आहे.

पार्श्वभूमी

या प्रथेला या जिल्ह्यात चांगली जमीन लाभली. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली असे परंपरा मानते, तो ‘पैस’ खांब तेथील मंदिरात आजही आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ रचला. पारनेर तालुक्यातील पिंपळनेर हे निळोबारायांचे गाव. वारकरी कीर्तनात निरूपणासाठी अभंग घ्यावयाचा तो ज्ञानदेवांपासून निळोबारायांपर्यंतच्या संतांचा, असा संकेत आहे. म्हणजे या परंपरेच्या दोन्ही सीमा या जिल्ह्याला स्पर्श करतात. संतांची चरित्रे घरोघर पोहोचविणारे महिपती (१७१५–१७९०) हे राहुरी तालुक्यातील ताहराबादचे. त्यांच्या ‘भक्तविजया’तील कथांवाचून आजही क्वचितच एखादे कीर्तन पुरे होत असेल.

कीर्तनाचा हा प्रभाव एका पंथापुरता राहिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तन रूढ झाले, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या व भजनाच्या घाटात ख्रिस्ती विषय आणला. नारदीय कीर्तनाचे प्रख्यात रचनाकार दासगणू महाराज यांचा जन्मही याच जिल्ह्यातील अकोळनेरचा. पोलिसातील नोकरीच्या काळात ते लावण्या रचीत असत. एकाच मुलुखात लावणी, अभंग, आख्यान आणि ख्रिस्ती भजन या चारही प्रकारांनी एकमेकांच्या शेजारी नांदावे, ही गोष्ट संगीताच्या अभ्यासकांनी अधिक लक्षात घ्यावयास हवी.

सप्ताहाच्या प्रथेला मोठ्या प्रमाणावर सामुदायिक रूप देणाऱ्यांत गंगागिरी महाराजांचे नाव अग्रभागी येते. श्रीरामपूर आणि वैजापूर तालुक्यांच्या सीमेवर, गोदावरीच्या पात्रात, सराला बेट आहे. या बेटाच्या परंपरेतील सप्ताह दरवर्षी श्रावणात निरनिराळ्या गावी होतो. २०२४ साली सिन्नर तालुक्यातील शाह-पंचाळे येथे झालेला सप्ताह १७७ वा होता. जिल्ह्याच्या पूर्वेला भगवानगड आणि गहिनीनाथगड येथील नारळी सप्ताहांची परंपरा आहे. भगवानबाबा आणि वामनभाऊ या दोन सत्पुरुषांच्या प्रेरणेने बीड व नगर जिल्ह्यांतील गावांत फिरणारे हे सप्ताह चैत्राच्या सुमारास होतात. ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडलेली कुटुंबे त्या वेळी गावी परतलेली असतात, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. सहा महिने कुलूप असलेली घरे उघडतात आणि गाव पुन्हा गाव होते, तो हा काळ असतो.

या मोठ्या सप्ताहांत ‘नारळ’ देण्याची रीत आहे. ज्या गावाला पुढील सप्ताह हवा असेल ते मागणी करते; नारळ हाती पडला, की ते गाव बांधले जाते. कागद नाही, करार नाही. परंतु नारळ घेतलेल्या गावाने शब्द मोडणे ही सहजासहजी कल्पनेत न बसणारी गोष्ट आहे.

पहारा

गावपातळीवरचा सप्ताह आकाराने लहान असला तरी त्याची रचना तीच असते. चैत्र शुद्ध नवमीस, रामनवमीला, बसून पौर्णिमेस, हनुमान जयंतीला, उठणारे सप्ताह पुष्कळ आहेत. काही गावांत तो श्रावणात गोकुळाष्टमीला धरून होतो. पहिल्या दिवशी कलश, ग्रंथ आणि वीणा यांचे पूजन होते. त्या क्षणापासून काल्याच्या कीर्तनापर्यंत वीणा जमिनीवर ठेवली जात नाही आणि नामाचा घोष थांबत नाही. ‘अखंड’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ एवढाच आहे, आणि तो पाळणे हेच कठीण आहे.

साधारणतः दोन तासांचा एक पहारा धरला जातो. दिवसरात्र मिळून बारा पहारे होतात आणि सात दिवसांचे चौऱ्याऐंशी. एका पहाऱ्यास एक विणेकरी आणि सात टाळकरी एवढेच धरले, तरी सहाशे बहात्तर वेळा कोणीतरी उभे राहावे लागते. दोनशे उंबऱ्यांच्या गावात याचा अर्थ असा, की प्रत्येक घरातून सरासरी तीन-चार वेळा माणूस आला पाहिजे. त्यात मध्यरात्री बारा ते दोन आणि दोन ते चार हे अवघड पहारेही आले. यादी करणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना गावाची खडान्‌खडा माहिती असावी लागते. कोण रात्रपाळीला कारखान्यावर जातो, कोणाच्या विहिरीवर कोणत्या वेळी वीज येते, कोणाचा कोणाशी अबोला आहे, हे सर्व ध्यानात घेऊन नावे जोडावी लागतात. कित्येक गावांत अबोला असलेल्या दोघांना मुद्दाम एकाच पहाऱ्याला घालण्याची जुनी युक्ती आहे. पहाटे तीन वाजता समोरासमोर टाळ वाजवीत उभे राहिलेल्या माणसांना फार काळ न बोलता राहणे जमत नाही.

पहाऱ्याच्या या चौकटीत दिवसाचा क्रम बसविलेला असतो. पहाटे चारच्या सुमारास काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरील भजन, सायंकाळपूर्वी प्रवचन, दिवेलागणीला हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन व त्यानंतर जागर असा हा सामान्य क्रम आहे. स्थानपरत्वे वेळा थोड्याफार बदलतात.

यातील पारायणाकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत वाचावयाच्या, म्हणजे दररोज तेराशेच्या आसपास ओव्या होतात. व्यासपीठचालक एक लय धरतो आणि समोर ओळीने बसलेले वाचक त्या लयीत मोठ्याने वाचतात. शाळा दुसरी-तिसरीतच सुटलेल्या स्त्रिया प्रारंभी बोट ठेवून मागे मागे येतात, चौथ्या-पाचव्या दिवशी ओवीच्या शेवटच्या चरणाला बरोबर मिळतात आणि काही वर्षांच्या सरावानंतर स्वतंत्रपणे वाचू लागतात. आशयाचे पूर्ण आकलन होते असे म्हणता येणार नाही. सातशे वर्षांपूर्वीची भाषा ती. परंतु छापील ओळीची भीती जाते, हे काही थोडे नव्हे. साक्षरता वर्गांना जे शिकविणे जड गेले, ते येथे लयीच्या आधारे घडते.

कीर्तन : एक कला

वारकरी कीर्तन नारदीय कीर्तनाहून वेगळे आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग व उत्तररंग अशी विभागणी असून उत्तररंगात एखादे आख्यान लावले जाते. कीर्तनकार बहुधा एकटाच गातो आणि साथीला मोजकी वाद्ये असतात. वारकरी कीर्तनात मात्र कीर्तनकाराच्या मागे व दोन्ही बाजूंस टाळकऱ्यांची रांग उभी असते. नामाचा गजर, रूपाचा अभंग, त्यानंतर निरूपणाचा अभंग आणि त्याच्या एकेका चरणाच्या पुष्टीसाठी इतर संतांची प्रमाणे, असा त्याचा विस्तार होतो. कीर्तनकाराने प्रमाणाचा पहिला शब्द उच्चारताच टाळकऱ्यांनी पुढील चरण उचलावयाचा असतो. म्हणजे ज्या गावात शेकडो अभंग मुखोद्गत असलेले दहा-बारा टाळकरी नाहीत, त्या गावात कितीही विद्वान कीर्तनकार आणला तरी कीर्तन रंगत नाही. कीर्तनकार बाहेरचा चालतो. टाळकरी गावचेच लागतात.

गायनाचा स्वर उंच आणि गळा मोकळा असतो. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात उघड्या पटांगणात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचविण्याच्या गरजेचा या शैलीवर ठसा आहे, हे उघड आहे. लयीचा सारा भार मृदंगावर असतो. मृदंगाच्या उजव्या मुखावर कायमची शाई असते. डाव्या मुखावर, म्हणजे धुमेवर, प्रत्येक वेळी कणकेचा ओला लेप लावावा लागतो आणि वादन संपल्यावर तो खरवडून काढावा लागतो. कणीक किती, पाणी किती, लेप कोठे जाड आणि कोठे पातळ, हे पुस्तकातून येत नाही. नऊ-दहा वर्षांचा मुलगा प्रथम कणीक मळून देतो, पुढे गठ्ठ्यांवर हातोडी मारून स्वर मिळविण्यास मदत करतो, मग गर्दी नसलेल्या पहाटेच्या काकड्याला त्याला साधा भजनी ठेका धरू दिला जातो. चुकला तरी ऐकणारे पंधरा-वीसच असतात. रात्रीच्या कीर्तनात हजारोंसमोर बसण्यापूर्वी अशी काही वर्षे जातात. संगीताच्या शिक्षणाची याहून सुरक्षित पायरी कोणत्याही संस्थेला योजता आलेली नाही.

विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदी येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केल्यानंतर कीर्तनकारांच्या पद्धतशीर शिक्षणाची सोय झाली. नेवाशाच्या ज्ञानेश्वर मंदिराच्या उभारणीसाठी झटलेले बन्सी महाराज तांबे हेही त्याच प्रभावळीतील. या शिक्षणामुळे निरूपणाचा दर्जा निश्चितच उंचावला.

चूल आणि पंगत

सप्ताहातील स्वयंपाक हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. सराला बेटाच्या सप्ताहात आमटी-भाकरीचा महाप्रसाद प्रसिद्ध आहे. आमटी जागेवर मोठाल्या कढयांत शिजते. भाकरी मात्र आसपासच्या गावांतील घराघरांतून भाजून येतात आणि ट्रॅक्टर भरभरून सप्ताहस्थळी पोहोचतात. या योजनेत मोठे शहाणपण आहे. लाखो भाकरी एका जागी भाजणे कोणालाही शक्य नाही. प्रत्येक चुलीने पाच-दहा जास्त भाकरी थापणे मात्र कोणालाच जड नाही. शिवाय जिच्या घरची भाकरी तेथे गेली ती स्त्री मंडपात न येताही सप्ताहाची भागीदार होते.

लहान गावांत एकेका वेळची पंगत एकेक कुटुंब किंवा भावकी घेते. पंगतीत कोणी कोठे बसावे याला भेद नसावा, हा संतांचा उपदेश. त्याप्रमाणे पूर्वी सर्वत्र घडत होते असे समजणे मात्र चुकीचे होईल. कित्येक गावांत दलित वस्तीची पंगत वेगळी बसे आणि त्यांच्या हाती वीणा दिली जात नसे. ही रीत पुष्कळ ठिकाणी मोडली, काही ठिकाणी ती केवळ झाकली गेली. पहाऱ्याच्या यादीत आणि वाढप्यांच्या रांगेत कोणत्या वस्तीची नावे नाहीत, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांना सहज दिसते. स्त्रियांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. पारायणात त्या बहुसंख्य असतात, हरिपाठाला असतात. वीणा मात्र अनेक गावांत अद्याप पुरुषांकडेच राहते. मुक्ताबाई, जनाबाई आणि शिऊरच्या बहिणाबाई यांचे अभंग रोज गाणाऱ्या मंडपात ही गोष्ट विसंगत दिसते. काही गावांनी दिवसाचे पहारे स्त्रियांकडे दिले आणि त्याने सप्ताहाचे काही बिघडले नाही.

सध्याची अडचण

गेल्या काही दशकांत सप्ताह मोठे झाले आहेत. मंडप मोठा, पत्रिका मोठी, ध्वनिक्षेपक मोठे. वर्गणीचा मोठा हिस्सा नामांकित कीर्तनकारांची बिदागी, मंडप आणि ध्वनियंत्रणा यांवर खर्च होतो. रात्रीच्या कीर्तनाला शेजारच्या दहा गावांतून लोक येतात. आणि त्याच गावात रात्री दोनच्या पहाऱ्याला दोन वृद्ध भिंतीला टेकून बसलेले आढळतात. काही ठिकाणी तर ध्वनिमुद्रित नामघोष लावून वेळ भागविली जाते. गायक-वादकांची जोडीही कीर्तनकाराबरोबरच बाहेरून येऊ लागली. गावचा मृदंगवादक आपल्याच गावच्या सप्ताहात श्रोता होतो, आणि त्याच्या शेजारी बसून कणीक मळणाऱ्या मुलाला तर जागाच उरत नाही. सप्ताह वाढला आणि भजनी मंडळ विरले, असे घडले तर पुढील पिढीला प्रत्येक स्वर विकतच घ्यावा लागेल. मोठ्या कीर्तनकारांना दोष देण्याचे येथे कारण नाही. त्यांना बोलावणारे गाव आपल्या टाळकऱ्यांस काय देते, हा खरा प्रश्न आहे.

उपाय अवघड नाहीत. यादी प्रथम आणि पत्रिका नंतर, एवढा क्रम जरी पाळला तरी पुष्कळ साधते. सातांपैकी एक-दोन कीर्तने पंचक्रोशीतील नवोदितांना द्यावीत; साथ गावच्याच मंडळाने करावी; वर्गणीतून टाळ-मृदंगाची दुरुस्ती आणि मुलांच्या शिकवणीसाठी काही रक्कम आधीच बाजूला काढावी. सायंकाळचा हरिपाठ शाळेतील मुलामुलींच्या स्वाधीन करणे सोपे आहे; मात्र तो पालकांच्या इच्छेने आणि शाळेच्या वेळेबाहेर असावा.

ग्रामपंचायतीच्या भूमिकेविषयी काही ठिकाणी गोंधळ दिसतो. पंचायत ही गावातील सर्व धर्मांच्या व मतांच्या लोकांची संस्था आहे आणि विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कराचा पैसा वापरण्यास राज्यघटनेच्या कलम २७ चा अडसर आहे. म्हणून सप्ताहाचा खर्च स्वेच्छेच्या वर्गणीतूनच व्हावा, ती सक्तीने गोळा करू नये आणि जमाखर्च काल्याच्या दिवशी सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. कोणत्याही मोठ्या गर्दीच्या वेळी पंचायतीने जे करावयाचे तेच येथेही करावयाचे : पाणी, दिवे, रस्ता आणि स्वच्छता. टँकरचे पाणी मंडपात जाण्यापूर्वी त्यात टीसीएल पावडर योग्य प्रमाणात टाकली आहे काय आणि ओटी चाचणीत क्लोरीन दिसतो काय, हे दररोज पाहावे. एकादशीच्या फराळाबाबत विशेष दक्षता हवी. दमट जागी साठविलेल्या भगरीवर व तिच्या पिठावर बुरशी येऊन विषबाधा झाल्याच्या घटना राज्यात वेळोवेळी घडल्या आहेत. सुटे पीठ न घेता भगर स्वच्छ निवडून, धुऊन, त्याच दिवशी शिजवावी.

ध्वनिक्षेपकाबाबत २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम स्पष्ट आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा त्याचा वापर करता येत नाही. राज्य शासनाने जाहीर केलेल्या वर्षातील मोजक्या, अधिकाधिक पंधरा दिवसांपुरतीच मध्यरात्रीपर्यंत सवलत असते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. कीर्तन आठ वाजता सुरू केल्यास दहापर्यंत ते सहज पुरे होते. जागर आणि काकडा यांना तर यंत्राची गरजच नाही; ते देवळातल्या देवळात, टाळ-मृदंगाच्या अंगच्या आवाजातच शोभतात. परीक्षेच्या दिवसांत अभ्यास करणारी मुले आणि आजारी माणसे त्याच गावची असतात.

आठव्या दिवशी सकाळी काल्याचे कीर्तन होते. कृष्णाच्या बाललीलांचे अभंग गाइले जातात, दहीहंडी फुटते, लाह्या आणि दह्याचा काला हातोहात वाटला जातो. त्यानंतर दिंडी गावातून फिरून देवळात परत येते आणि सात दिवस कोणा ना कोणाच्या गळ्यात राहिलेली वीणा पूजा करून खुंटीला लावली जाते. दुपारच्या पंगतीनंतर सतरंज्या झटकून मोजल्या जातात, कढया घासून ज्याच्या त्याच्या घरी पोहोचविल्या जातात. सायंकाळी कोणीतरी खांबावरची पहाऱ्याची यादी काढतो आणि तीत कोणत्या नावापुढे खूण झाली नाही, हे पाहून ती पुढील वर्षाच्या वहीत ठेवून देतो.